मधले दहा व्होल्ट

शाळेत रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी बाई नववीच्या वर्गाला प्रयोग दाखवत होत्या. टेबलावर बारा व्होल्टचा अडॅप्टर होता, पाच व्होल्टचा एक छोटा दिवा होता, आणि दोघांच्या मध्ये तीन पायांचा, नखाएवढा काळा तुकडा होता. त्याला व्होल्टेज रेग्युलेटर म्हणतात. मागून बारा आले तरी पुढे पाचच सोडायचे, एवढंच त्याचं काम. बाईंनी आदल्या दिवशी सगळं घोकून ठेवलं होतं. चाळीस मुलं माना उंच करून बघत होती. बाईंचा हात बटणाकडे गेला आणि अख्ख्या प्रयोगशाळेतले पंखे थांबले.

“वीज गेली, बाई,” मागच्या भिंतीपाशी उभे असलेले प्रयोगशाळा सहायक म्हणाले.

मुलांनी आनंदानं गिल्ला केला. बाई हिरमुसल्या. पण दारातून त्यांना व्हरांड्यातला पंखा दिसत होता, आणि तो छान गरगर फिरत होता. त्यांनी मागे वळून पाहिलं. सहायकांचा डावा हात मेन स्विचच्या पेटीवर होता, आणि चेहरा असा, की आपण त्या गावचेच नाही.

मधल्या सुट्टीत ते टेबलाशी आले, शर्टाच्या खिशातून भिंग काढलं आणि बाईंच्या हातात दिलं. “ह्याचा नंबर वाचा.”

बाईंनी वाचला.

“पुस्तकातल्या चित्रातला नंबर?”

तो निराळा होता. दिसायला दोन्ही तुकडे जुळे भाऊ, पण पायांचा क्रम वेगळा. बटण दाबलं असतं तर बारा व्होल्ट भलत्याच पायातून शिरले असते, आणि नव्या बाईंचा पहिला प्रयोग धूर काढून संपला असता.

“नंबर वाचायचा, त्याचा माहितीचा कागद काढायचा, मगच पाय जोडायचे,” ते म्हणाले. “मुलांना आज सांगू नका. तुमचं वजन राहू दे. पुढच्या आठवड्यात सांगा, हवं तर माझी चूक म्हणून.”

त्या दिवशी बाईंनी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. उंची बेताची, केस तेव्हाच विरळ, बुशकोटाचे दोन्ही खिसे फुगलेले. एकात भिंग आणि स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्यात मीटर. मुलांनी त्यांचं नाव ‘मोजमापे’ ठेवलं होतं. ते इतकं चिकटलं, की एकदा मुख्याध्यापकांनी नोटीस काढताना तेच लिहिलं आणि त्यांनीही त्यावर निमूट सही केली.

पुढे सव्वीस वर्षं दोघांनी एकाच प्रयोगशाळेत काढली. बाईंनी ओहमचा नियम शिकवला, मोजमाप्यांनी तो मुलांच्या बोटांत उतरवला. शनिवारी दुपारी त्यांचा छंदवर्ग असे. मुलं रेडिओ बनवत, रोपांना पाणी घालणारं यंत्र बनवत, आणि आपापले रेग्युलेटर जाळत. मेलेले रेग्युलेटर त्यांनी कधी फेकले नाहीत. खिडकीतल्या एका काचेच्या बरणीत प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधून ठेवले होते. चिठ्ठीवर मृत्यूचं कारण असे: ‘पाय उलटे.’ ‘मागचा पत्रा डब्याला टेकला.’ ‘कपॅसिटर लावायचा कंटाळा.’ जाळणाऱ्याचं नाव मात्र कधीच नसे.

चालू करण्याआधी ते प्रत्येकाला तीन प्रश्न विचारत. “आत किती येणार? बाहेर किती हवे? मधले कुठे जाणार?”

तिसऱ्या प्रश्नाशी मुलं अडायची.

“अरे, बारा आले, पाच गेले, मधले सात काय हवेत विरले? ते ह्यानं खाल्ले. आणि जेवढं खातो तेवढा तापतो. जितका करंट ओढाल तितका जास्त. म्हणून त्याच्या पाठीला पंख्यांचा, म्हणजे उभ्या पात्यांचा पत्रा लावायचा, तो ही उष्णता हवेत सोडतो. फारच तापला तर हा शहाणा आहे, स्वतः झोपून जातो, गार झाला की उठतो. पण त्याच्या शहाणपणावर आपण आपलं काम ढकलायचं नाही.” मग ते बोटाची पाठ हलकेच त्या पत्र्याला टेकवत आणि आकडे मोजत. तीनपर्यंत मोजता आले तर ठीक. “आणि हे फक्त अडॅप्टरच्या पुढे, बरं का. भिंतीतल्या विजेला घरी हात घालायचा नाही. घातलात तर माझ्या वर्गात यायचं नाही.” एवढं एकच ते आवाज चढवून बोलत.

निवृत्तीनंतर बाईंनी दोन खोल्यांची जागा घेतली. सामान लावून होतंय तोच जिन्याखालच्या घरातून मोजमापे बाहेर येताना दिसले.

“तुम्ही इथे?” बाई म्हणाल्या.

“माझी ताई राहते इथे. तुम्ही?”

“मी तुमच्या ताईंच्या डोक्यावर राहते.”

“मग पाय आपटू नका असं सांगणार होतो,” ते म्हणाले, “पण आपटा खुशाल. तिला ऐकू येत नाही.”

ताई त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठ्या. आई गेली तेव्हा मोजमापे सहा वर्षांचे होते आणि ताई चौदाच्या. तेव्हापासून त्यांनी ह्या भावाला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, दटावलं, आणि आता ते अडुसष्ट वर्षांचे झाले तरी त्या त्यांना ‘धाकटोबा’ म्हणत. ताईंचा धंदा कव्हरं शिवण्याचा. शिवणयंत्र, मिक्सर, स्कूटर, पेटी, सोफा, जे म्हणाल त्याला त्यांनी चाळीस वर्षं अंगरखे शिवले. कान हळूहळू गेले. गेल्या चार-पाच वर्षांत काहीच राहिलं नाही. बोलायच्या मात्र खणखणीत. यंत्राशेजारच्या भिंतीवर काळा रंग दिलेली फळी होती. ज्याला बोलायचं असेल त्यानं शिवणाच्या खडूनं तिच्यावर लिहायचं. नवा माणूस ओरडायला लागला की ताई म्हणत, “ओरडलेलंसुद्धा ऐकू येत नाही. नुसतं तोंड वेडंवाकडं दिसतं. लिही.”

घरात असं एकही यंत्र नव्हतं ज्याच्या अंगावर कापड नाही. टीव्हीला कव्हर, पंख्याच्या पायाला कव्हर, कव्हरांच्या पेटीलाही कव्हर.

एका सकाळी ताईंच्या मोरीतला नळ उघडा राहिला. पाणी दाराखालून जिन्यात आलं. लोकांनी दार ठोठावलं, बडवलं, शेवटी कडी तोडली, तेव्हा ताई पाठ करून शांतपणे सोफ्याच्या कव्हराला गोट लावत बसलेल्या. त्यांना काही झालं नव्हतं. पण त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरातून धावत आला. त्यानं तुटलेली कडी हातात धरून पाहिली आणि फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आई, आता माझ्याकडे चल.’

“तुझ्याकडे नवव्या मजल्यावर?” ताई म्हणाल्या. “माझं मशीन कुठे ठेवशील? दिवाणखान्यात? तुझी बायको चांगली आहे, पण तिच्या दिवाणखान्यात मशीन ठेवलं तर ती चांगली राहील का? आणि माझी गिऱ्हाइकं लिफ्टनं येणार आहेत होय?”

मुलगा मोजमाप्यांकडे वळला. “मामा, मला हौस नाही तिला न्यायची. पण फोन वाजला की हातातलं टाकून धावतो. उद्या आत काही झालं आणि दार वाजवणारा दारातच राहिला तर?”

मोजमाप्यांनी दाराच्या चौकटीवर बोटांनी काहीतरी मोजलं. मग म्हणाले, “बेल बसवतो. आवाजाची नाही, दिव्याची. दाराचं बटण दाबलं की मशीनसमोर आणि स्वयंपाकघरात दिवे वीस सेकंद लुकलुकतील. पाठ फिरवून बसली तरी भिंतीवर उजेड नाचेल.”

“आणि ती बंद पडली तर?”

“महिनाभर बघ. एकदाही चुकली नाही तर आई इथे राहील. चुकली तर तू म्हणशील तसं.”

“आणि चुकली की नाही हे मला कोण सांगणार? तुम्ही?” भाचा हसला. “तुम्ही तर तिच्या पक्षातले.”

तेव्हा दोघांनीही दाराशी उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. अशा रीतीनं बाई परीक्षक झाल्या. रोज एकदा, वेळ न ठरवता, त्यांनी बेल दाबायची; दार उघडलं तर वहीत बरोबरची खूण, नाही उघडलं तर फुली. बाईंनी आयुष्यात कुणाला फुकट गुण दिले नव्हते, हे मामा-भाचे दोघांनाही ठाऊक होतं.

मोजमाप्यांनी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात सगळं मांडलं. डब्याला चहूबाजूंनी भोकं पाडली. घरात पंधरा व्होल्टचा एक चांगला अडॅप्टर पडून होता, तो घेतला. आतल्या सर्किटला आणि दिव्यांना पाच हवे होते, म्हणून मध्ये रेग्युलेटर. व्होल्टेज स्थिर ठेवणारे कपॅसिटर अगदी पायांलगत लावले, वाटेत फ्यूज घातला, रेग्युलेटरच्या पाठीला पंख्यांचा पत्रा कसला. डबा दाराशेजारच्या फळीवर बसला. पहिल्या दिवशी बाईंनी बटण दाबलं, आत भिंतीवर उजेड नाचला, आणि ताईंनी दार उघडून बाईंना मिठीच मारली. “कोण आहे म्हणून उठून बघायला किती वर्षांनी मिळालं!” त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी बाईंना आणखी पाच वेळा बेल दाबायला लावली.

पाच दिवस पाच बरोबरच्या खुणा पडल्या. सहाव्या दिवशी ताई म्हणाल्या, “धाकटोबा, ओट्यावरच्या फळीखाली दिवसासुद्धा अंधार असतो. तुझ्या डब्यातून तिथे एक दिव्यांची पट्टी काढ की. मला सुरी दिसत नाही, भाजी दिसत नाही.”

ताईंनी काही मागितलं आणि मोजमाप्यांनी नाही म्हटलं, असं आजवर घडलं नव्हतं. पण त्यांनी हिशेब केला. पट्टी सकाळपासून लावून ठेवणार, म्हणजे अर्ध्या अँपिअरच्या जरा आत करंट सतत जाणार. आत पंधरा, बाहेर पाच, मधले दहा. साडेचार वॉटची उष्णता. त्यांनी जुना पत्रा काढून मोठा लावला, डबा आपल्या घरी नेला, टेबलावर दोन तास चालवला, बोटाची पाठ टेकवली. एक, दोन, तीन. ठीक. सातव्या दिवशी डबा परत फळीवर आला आणि ओट्यावर उजेड पडला.

नवव्या दिवशी दुपारी एक वाजता बाईंनी बेल दाबली. दार उघडलं नाही.

त्यांनी पुन्हा दाबली. दहा मिनिटं थांबल्या. वर जाऊन वहीत फुली मारली. मग मोजमाप्यांना फोन केला. ते म्हणाले, “आलोच,” ताईंच्या मशीनजवळच्या मोबाइलवर ‘येतोय’ असा निरोप लिहून पाठवला, आणि बसनं पाऊण तासात आले. बटण दाबलं. दिवे झकास लुकलुकले. त्यांनी तासभर पट्टी चालू ठेवून पाहिली, प्रत्येक सांधा मीटरनं तपासला. दोष नावालाही नाही.

“तुम्ही नीट दाबली होती ना, बाई?”

“मोजमापे, बटण दाबायला मला पदवी लागत नाही.”

दहाव्या आणि अकराव्या दिवशी सकाळी दाबली, बरोबर. बाराव्या दिवशी दुपारी दोनला फुली. ते पुन्हा आले, पुन्हा सगळं ठीक. त्यांनी दाराचं बटण बदललं, रेग्युलेटर बदलला, कपॅसिटर बदलले. चौदाव्या दिवशी तिसरी फुली. आता डब्यासमोर स्टुलावर बसलेल्या मोजमाप्यांना बघणं बाईंना जड जाऊ लागलं. सव्वीस वर्षांत त्यांनी हा माणूस कोड्यात पडलेला पाहिला होता, पण हरलेला पाहिला नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून भिंग अगदी नाकाशी धरावं लागे. एकच सांधा ते सोल्डरिंग आयर्ननं तिसऱ्यांदा डागत होते.

“मी येतो तेव्हा चालतं, मी जातो तेव्हा बंद पडतं,” ते हळूच म्हणाले. “बाई, खरं सांगा. माझा हात गेला का?”

“हात गेला असता तर तुम्ही असतानाही बंद पडलं असतं.”

“अर्ध्या महिन्याची वही बघायला रविवारी भाचा येणार आहे.”

“ठाऊक आहे.”

“ताईनं काल आपले सगळे दोऱ्याचे रीळ रंगवार लावून खोक्यात भरले. मला म्हणाली, सहज आवरतेय. ती सहज काही आवरत नाही.”

शुक्रवारी बाईंनी साडेबाराला बेल दाबली. दार बंद. चौथी फुली ठरलेली. पण ह्या वेळी त्या फोनकडे गेल्या नाहीत. इमारतीला वळसा घालून त्या मागच्या बोळात गेल्या. तिथे ताईंच्या स्वयंपाकघराची खिडकी होती आणि स्वयंपाकघराचं दार उघडं असेल तर थेट पुढच्या खोलीतलं दिसे. बाईंनी टाचा उंचावून आत पाहिलं. ओट्यावरची पट्टी विझलेली होती. पलीकडे ताई मशीनवर बसल्या होत्या. आणि दाराशेजारच्या फळीवर डबा नव्हताच. डब्याच्या जागी निळ्या रंगाची, फुगीर, लाल गोटाची एक गोष्ट बसली होती, गादीवर बसलेल्या लठ्ठ मांजरीसारखी.

बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग ओढणीचं टोक खिडकीच्या गजातून आत हलवत राहिल्या, ताईंची नजर वळेपर्यंत.

“अगं बाई! पुढून या की, चोरासारख्या मागून काय?” ताई ओरडल्या आणि दार उघडायला उठल्या.

बाई आत आल्या. खोलीत एक ओळखीचा वास होता. नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांचा. त्या निळ्या गोष्टीजवळ गेल्या. ते कव्हर होतं. कापूस भरून चौकटी चौकटीत शिवलेलं, चारही बाजूंनी बेतशीर, वर जादा किल्ली ठेवायला खिसा. त्याला हात लावल्याबरोबर बाईंनी तो मागे घेतला.

“कसं झालंय?” ताईंचा चेहरा फुलला होता. “आठ दिवस लागले. दुहेरी अस्तर आहे. एवढं माझ्यासाठी केलंय त्यानं, त्यावर धूळ बसू देऊ होय?”

बाईंनी खडू घेतला. ‘धाकटोबांना दाखवलं?’

“अजून नाही. किल्लीच्या खिशाला बटण लावायचंय, मग दाखवणार. आणि तो येतो तेव्हा त्याला वायरी बघायच्या असतात, कव्हर आड यायला नको, म्हणून निरोप आला की काढून ठेवते.”

बाईंनी ओट्याकडे बोट दाखवून लिहिलं, ‘हा दिवा कधी विझला?’

“तो होय? तो रोज दुपारी आपला आपण विझतो. माझं जेवण झालं की विझतो, संध्याकाळी लागतो. अशी सोय केलीय त्यानं. मी काही सांगितलं नव्हतं हो, त्याचं त्यालाच सुचलं.”

बाई तिथल्या खुर्चीवर बसल्या. त्यांना हसावं की रडावं कळेना. शेवटी त्यांनी अडॅप्टरचा प्लग काढला आणि फोन लावला.

“मोजमापे, या. पण ताईंना निरोप पाठवू नका.”

“का?”

“या म्हणते ना. विद्यार्थ्यासारखं ‘का, का’ करू नका. आणि थर्मामीटर आणा.”

ते आले. बाईंच्या सांगण्यावरून ताईंनी कव्हर तसंच ठेवलं होतं, आणि भावाला दिसावं म्हणून उत्साहानं खिशाचं बटणही तेवढ्यात लावून टाकलं होतं. मोजमापे उंबऱ्यात थबकले. फळीकडे बघितलं, विझलेल्या पट्टीकडे बघितलं, पुन्हा फळीकडे. बाईंना वाटलं ते हसतील. पण त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कव्हर उचलून उलटं केलं आणि आतल्या अस्तरावर तळवा फिरवला. पंख्यांच्या पत्र्यासमोरच्या जागी कापड पिवळसर झालं होतं.

“कापूस आहे,” ते म्हणाले. “बाई, आत कापूस आहे.”

मग त्यांनी आपलं नेहमीचं काम केलं. कव्हर परत घातलं, आत थर्मामीटरची तार सोडली, समोर स्टूल घेऊन प्लग लावला, पट्टी चालू केली आणि आकडे लिहायला सुरुवात केली. नव्वद. शंभर. एकशे दहा. तास-दीड तासानं आकडा एकशे पंचवीसच्या पुढे गेला आणि पट्टी फट्कन विझली. त्यांनी लगेच प्लग काढला.

“तो झोपला,” मोजमापे म्हणाले. “रोज बिचारा झोपत होता. म्हणून निभावलं. त्याच्या शहाणपणावर काम ढकलू नका असं सगळ्या जगाला सांगत फिरलो, आणि माझ्याच बहिणीच्या घरात...” ते थांबले. “मी मोजलं सगळं. पण माझ्या टेबलावर मोजलं. हिच्या घरात मोजलंच नाही.”

“काय म्हणतोय तो?” ताईंनी विचारलं. “आवडलं नाही का? रंग गडद झाला?”

मोजमाप्यांनी खडू उचलला, ते काळ्या फळीसमोर उभे राहिले आणि त्यांनी खडू परत ठेवला. नवव्या दिवसापासून जे कोडं सुटत नव्हतं ते सुटलं होतं, पण ते बहिणीला सांगण्याइतकं धैर्य त्यांच्यापाशी नव्हतं. त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून ‘झकास’ अशी खूण केली, कव्हर घडी करून पिशवीत घातलं आणि घरी नेलं.

रविवारी भाचा आला. बाईंनी वही पुढे केली. त्यानं शांतपणे पानं उलटली. “चार फुल्या, मामा.”

“वही खरी आहे,” मोजमापे म्हणाले. “चूक माझी. डब्यात दोष नव्हता, डबा तापतो हे मी इथे बसून पाहिलं नाही.” आणि त्यांनी निळं कव्हर टेबलावर ठेवून सगळी हकीकत सांगितली. सांगताना कव्हर शिवणाऱ्या माणसाला ते सारखे वगळत होते, वाक्यं अशी काही फिरवत होते की जणू कव्हर आपलं आपण डब्यावर येऊन बसलं.

भाच्यानं कपाळाला हात लावला. “अहो, कव्हर घालू नकोस एवढं तिला सांगायला काय झालं होतं?”

“तिला? मी?” मोजमापे खरोखरच गोंधळले.

“काय चाललंय तुमचं?” ताई कडाडल्या. “माझ्या तोंडावर माझ्याविषयी बोलताय. लिहा!”

कुणी उठेना. शेवटी बाईंनी उठून लिहिलं, ‘डबा आतून तापतो. कव्हरामुळे फार तापला आणि बंद पडत होता.’

ताईंनी दोनदा वाचलं. त्यांनी कव्हर ओढून घेतलं, उलटं केलं, पिवळा डाग पाहिला, त्यावर अंगठा घासला. मग सावकाश भावाकडे वळल्या.

“हा तापतो, हे मला सांगितलंस?”

मोजमाप्यांनी मान हलवली. नाही.

“चाळीस वर्षं मी हेच करते. मोटरीचं कव्हर असेल तर जाळी ठेवते. फ्रिजला मागून उघडं ठेवते. गिऱ्हाईक येऊन सांगतं, ताई, हे गरम होतं. मी तसं बेतते. तुझा डबा मला घड्याळासारखा वाटला, गारढोण. तू दोन तास त्याच्यापुढे बसायचास, मीटर लावायचास, भिंग लावायचास. मला एकदा विचारलंस, ताई, तू ह्याचं काय करणार आहेस?” त्यांनी कव्हर टेबलावर आपटलं. “मी माझ्याच हातानं स्वतःला नवव्या मजल्यावर पाठवत होते की रे.”

मोजमापे उठले, ताईंच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि त्यांनी ताईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण त्या क्षणी बाईंना तो सहा वर्षांचा दिसला. ताईंनी त्यांच्या डोक्यावर एक चापट मारली, फार जोरात नाही.

भाचा वही हातात घेऊन बसला होता. त्यानं एका फुलीवर बोट ठेवून बाईंना विचारलं, “ह्या फुल्या तुम्ही मारल्यात. मामा काही म्हणाले नाहीत? पुसा म्हणून?”

“त्यांनी एवढंच विचारलं, की बटण नीट दाबलं होतं ना.”

तो हसला. “मला वाटलं होतं तुम्ही तिघं मिळून मला बनवणार. महिन्याअखेरीस तीस बरोबरच्या खुणा दाखवणार, आणि मी घरी जाऊन पुन्हा रोज काळजी करत बसणार.” त्यानं वही मिटली. “अजून एक महिना. पण मामा, आता इथे मोजायचं.”

मोजमाप्यांनी सोमवारी काम काढलं. ओट्याच्या पट्टीला पाच व्होल्टचा स्वतंत्र तयार अडॅप्टर दिला. म्हणजे रेग्युलेटरवरचा तिचा भार कायमचा गेला. बेलसाठी पंधराऐवजी नऊ व्होल्टचा अडॅप्टर आणला. आत नऊ, बाहेर पाच, मधले चार, आणि करंट इतका थोडा की खाणाऱ्याला खाल्ल्यासारखं वाटू नये. ताईंनी स्वतः टेप लावून डबा मोजला, कुठून गरम हवा निघते ते भावाला लिहायला लावलं, आणि नवं कव्हर कापलं: कापूस नाही, तीन बाजूंनी जाळी, पाठ उघडी. मग त्यांनी भावाला समोर बसवलं. ते म्हणाले कव्हराशिवाय मोजू; त्या म्हणाल्या कव्हर घालूनच मोजायचं, मी घालणार आहे. सहा तास दोघं डब्यासमोर बसले. ताई दर अर्ध्या तासानं विचारायच्या, “किती?” आणि ते बोटांनी आकडा दाखवायचे. आकडा जेमतेम खोलीच्या हवेइतका राहिला, तेव्हा ताई म्हणाल्या, “पहिलं जास्त सुंदर होतं,” आणि चहा टाकायला उठल्या.

त्या महिन्यात वहीत तीस दिवसांपैकी एकोणतीस बरोबरच्या खुणा पडल्या. एक जागा कोरी होती. त्यापुढे बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मला ताप होता. बेल दाबली नाही.’ भाच्यानं तो दिवस मोजला नाही. दोऱ्याचे रीळ खोक्यातून निघाले आणि पुन्हा मशीनच्या खणात गेले.

ह्या गोष्टीला तीन वर्षं झाली. मोजमापे आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं व्हायचं आहे. आजूबाजूच्या दोन घरांत ऐकू न येणारी माणसं आहेत. त्यांनाही त्यांनी दिव्याची बेल बसवून दिली. डबा चालू करून ते त्या घरात एक अख्खा दिवस बसतात, घरातलं कोण कुठे काय ठेवतं ते बघतात, आणि मगच परत येतात. आपलं टेबल त्यांनी देऊन टाकलं. गुरुवारी आणि रविवारी ते ताईंच्या कापड बेतायच्या टेबलाच्या एका कडेला काम करतात. दुसऱ्या कडेला ताई शिवत असतात.